कोंपाद्रेंचं भांडण

१

एपिफानिओ साल्दान्याच्या मरणाने चोन तोवारच्या पदरात काय पडणार होतं, याचा हिशेब ओतिलिया सामुदिओने सकाळची कॉफी पितानाच मनात मांडून पाहिला. जमेच्या बाजूला सफरचंदाच्या बागेला पाण्याची एक जादा पाळी, तीही पाणी समितीने मान्य केली तर. शिवाय भांडणात शेवटचा शब्द आपला राहिल्याचं समाधान. खर्चाच्या बाजूला तुरुंग, गावभर छी-थू, आणि ज्या पोरीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातांवर धरलं तिच्या लग्नाला मुकणं. चोनसारखा माणूस, जो टोपलीखाली गळून पडलेलं सफरचंदही पुसून पुन्हा टोपलीत टाकतो, तो एवढ्या तोट्याच्या व्यवहारात हात घालील असं वाटत नव्हतं.

पण माणसं हिशेब करून खून करत असती, तर सरकारी तपासवकिलाची तिची खुर्ची केव्हाच मोडीत निघाली असती.

काल संध्याकाळी मोलकरीण तोमासा चर्चमधून परतली, तेव्हा मालक अंगणातल्या पाण्याच्या हौदाशी उताणे पडलेले होते. डोक्याचा मागचा भाग हौदाच्या दगडी काठावर आपटलेला. घसरून पडले म्हणावं, तर सदऱ्याची पुढची दोन बटणं तुटलेली. कुणीतरी छातीशी धरून ढकललं होतं. आणि त्याच सुमारास चोन त्या गल्लीतून पाय आपटत, तोंडाने काहीबाही पुटपुटत जाताना अर्ध्या सान्ता एदुविहेस गावाने पाहिला होता. पाण्याच्या पाळीवरून दोघांचं आठवडाभर वाजलेलं सगळ्यांना माहीत. मग पोलीसप्रमुख नाबोर किरोसने चोनला उचललं, यात नवल नव्हतं. सोमवारी त्याला जिल्ह्याच्या तुरुंगात धाडायचं होतं. तिथून सान्ता एदुविहेसला परत आलेला माणूस कुणाच्या पाहण्यात नव्हता.

"आत येऊ, वकीलबाई?"

दारात एपिफानिओची मुलगी एउलालिया उभी होती. पुढच्या महिन्यात तिचं लग्न होतं. अंगावरचा काळा पोशाख कुणाचा तरी मागून आणलेला दिसत होता. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या.

"बस ना, पोरी."

"बसत नाही. एकच विचारायचंय. पाद्रिनोंनीच केलं का?"

पाद्रिनो, म्हणजे तिचा बाप्तिस्म्याचा धर्मपिता. म्हणजे चोन. लेकराचा बाप आणि धर्मपिता एकमेकांचे कोंपाद्रे होतात, तसे एपिफानिओ आणि तो कोंपाद्रे.

"अजून सांगता येत नाही."

"काल माझे बाबा गेले. आज तुम्ही म्हणालात पाद्रिनोंनी मारलं, तर माझे दोन बाप गेले. खरं असेल तर सांगा, मी ऐकेन. पण नीट बघून सांगा. सोमवार जवळ आलाय म्हणून सांगू नका."

तेवढ्यात नाबोरने दारातून मान घातली. तो आज टोपी घालून होता. म्हणजे कुणीतरी मोठं माणूस आलं होतं.

"वकीलबाई, इंजिनियरसाहेब आलेत. म्हणतात, त्यांनी सगळं स्वतःच्या कानांनी ऐकलंय."

२

सान्ता एदुविहेसमध्ये प्रत्येकाला काही ना काही म्हणावं लागायचं. नाबोरच्या हाताखाली एक शिपाई आणि एक सायकल, पण तो 'कोमान्दान्ते'. दात उपटणारा 'डॉक्टर'. ओतिलियाला तर तिचं नाव कुणी शेवटचं कधी उच्चारलं ते आठवत नव्हतं, ती 'वकीलबाई'. नुसतं 'सेन्योर' म्हणायचं ते परक्याला, नाहीतर ज्याच्यावर खप्पा मर्जी आहे त्याला.

आणि रोहेलिओ लिसार्रागा 'इंजिनियरसाहेब'. टेकडीवरची नवी पाण्याची टाकी त्याने बांधली. गव्हर्नर स्वतः तिचं उद्‌घाटन करणार होते. खिशाला दोन पेनं, बुटांना पॉलिश, आणि गावात कुणाच्याही घरी गेला तरी हातांची खुर्ची त्याच्यासाठी राखीव. नाबोरने इथेही तीच पुढे ओढली, रुमालाने पुसली.

"बसा, इंजिनियरसाहेब," ओतिलिया म्हणाली. सवयीने.

"रात्रभर डोळा लागला नाही," लिसार्रागा बसत म्हणाला. "गल्लीतली तोटी तपासत होतो. साल्दान्यांच्या अंगणाच्या भिंतीपलीकडून आवाज आले. चोनचा आवाज ओळखीचाच. म्हणाला, 'कोंपाद्रे, तू माझं पाणी तोडलंस. मित्र म्हणवतोस आणि गळा कापतोस? आज तुला सोडत नाही.'"

"आणि साल्दान्या?"

"ते म्हणाले, 'अरे जा! तुझ्यासारखे छप्पन कोंपाद्रे पाहिलेत मी.' मग झटापट. मग धप्प असा आवाज." त्याने डोळे मिटले. "मला वाटलं दोन जुने मित्र, भांडतील आणि रात्री एकत्र बसून पितील. मी पुढे निघून गेलो. देव मला क्षमा करो."

नाबोरने हळहळून मान हलवली. ओतिलिया लिसार्रागाच्या बुटांकडे पाहत होती. तिला रडणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा बूट जास्त भरवशाचे वाटत. हे बूट स्थिर होते.

"तुम्ही आत डोकावला नाहीत?"

"त्या घराचा उंबरा मी ईस्टरपासून ओलांडलेला नाही, वकीलबाई. ते पाणी समितीचे अध्यक्ष खरे, पण समितीचं काम आम्ही टाकीवरच उरकायचो."

"ठीक. रीतसर जबाब उद्या घेऊ, साक्षीदारांसमोर."

"केव्हाही. कर्तव्यच आहे."

तो गेल्यावर नाबोरने टोपी काढून टेबलावर ठेवली. "झालं, वकीलबाई. चोनचा खेळ संपला. इंजिनियरसाहेबांच्या शब्दापुढे कोण बोलणार?"

खरंच, कोण बोलणार? बोलू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो खाली कोठडीत होता.

३

चोन तोवार बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. साठीचा, काटक, उन्हाने करपलेला.

"गेलो होतो. नाही कशाला म्हणू?" तो म्हणाला. "भांडायलाच गेलो होतो. दार ठोठावलं, पुन्हा ठोठावलं. कुणी उघडेना. मला वाटलं आत बसून हसतायत माझ्यावर. दाराला लाथ घातली आणि निघालो. त्या वेळी ते तिथे..."

"भिंतीपलीकडून तुमचं भांडण ऐकणारा साक्षीदार आहे, चोन."

"कोण म्हणतो?"

"इंजिनियरसाहेब."

ओतिलियाला वाटलं, आता इंजिनियरच्या नावाने शिव्यांचा पाऊस पडेल. पण चोन उठला तो कोठडीच्या उंच झरोक्याकडे, आकाशाच्या त्या चौकोनाकडे तोंड करून. आणि मेलेल्या माणसावरच तुटून पडला.

"ऐकताय ना, कोंपाद्रे? ऐकताय का वर बसून? हे सगळं तुमच्यामुळे! तुम्हाला दार उघडायला काय झालं होतं? जन्मभर असेच वागलात तुम्ही, हलकट, गाढवाच्या जातीचे आहात तुम्ही! पाणी तोडलंत, वर मेलात! मला न विचारता मेलात! पोरीचा हात आता कुणी धरायचा चर्चमध्ये, तुमच्या आजोबांनी? थांबा, मी येतो तिथे, मग बघतो तुमच्याकडे!"

मग बाकावर बसून तो लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला.

ओतिलिया जिना चढू लागली आणि मध्येच, एक पाय वरच्या पायरीवर ठेवून, थबकली.

४

"कोमान्दान्ते, तुम्हाला कोंपाद्रे आहेत?"

नाबोर दुपारच्या जेवणातली शेवटची तोर्तिया रश्शात बुडवत होता. "चार. त्यांतला एक नालायक."

"त्या नालायकाशी भांडलात कधी?"

"भांडलो? माझं खेचर घेऊन पळाला तो, वकीलबाई! दरीच्या या काठावरून मी ओरडलो, पलीकडून तो."

"काय ओरडलात? शब्दाला शब्द सांगा."

नाबोर कानापर्यंत लाल झाला. "बाईमाणसासमोर..."

"मी वकील आहे."

"म्हणालो, 'कोंपाद्रे, तुम्ही चोर आहात, तुमचा बाप चोर होता, तुमच्या... अं, त्या जागी विंचू चावो तुम्हाला.'"

"'तुम्हाला'? खेचर पळवणाऱ्याला?"

"मग काय म्हणू?" त्याला प्रश्नच कळेना. "कोंपाद्रे आहे ना तो."

ओतिलिया राजधानीत वाढली होती. तिथे टायरवाल्याला, भाजीवाल्याला, बसच्या कंडक्टरला कुणीही कोंपाद्रे म्हणतं आणि अरे-तुरेत भाव करतं. म्हणून सकाळी तिला ती साक्ष कानाला लागली नव्हती. राजधानीतल्या कुणालाही लागली नसती.

"आणि चोन आणि साल्दान्या? ते तर बालमित्र."

"एका गोधडीत झोपलेली पोरं ती! एउलालियाच्या बाप्तिस्म्यापर्यंत एकमेकांना काय काय म्हणायचे, ते पाद्रीबाबांनी ऐकलं असतं तर चर्च बंद केलं असतं. पण त्या दिवशी पाणी पोरीच्या डोक्यावर पडलं आणि दोघांचं अरे-तुरे संपलं. ते सगळ्यांचंच संपतं. मंगळवारी बाजारात भांडले तेव्हाही, 'तुम्ही लुच्चे' आणि 'तुम्ही भिकारडे'. सगळा बाजार हसत होता." सकाळी इंजिनियरसाहेबांसमोर त्याचं शब्दांकडे लक्षच गेलं नव्हतं; ते आता गेलं आणि तो थांबला. तोर्तिया हातातच राहिली. "वकीलबाई..."

"बोला."

"पण रागात, तोल गेल्यावर, एखादा..."

"एखादा चुकेल. दोघंही? ओळीने?"

"नाही चुकणार," दारातून एउलालिया म्हणाली. ती पाद्रिनोसाठी जेवणाचा डबा घेऊन आली होती. "कोंपाद्रेला 'तू' म्हटलं की बाप्तिस्मा नासतो म्हणतात. त्याचं वाईट त्या दोघांना लागत नाही, लेकराला लागतं. मला लागलं असतं. पाद्रिनो दारूच्या नशेतसुद्धा कधी..." तिने डबा घट्ट धरला. "कुणी सांगितलं तुम्हाला, ते दोघे 'तू' म्हणाले म्हणून?"

त्या उत्तराला पुढचा प्रश्न चिकटलेला होता. खोटी साक्ष देऊन इंजिनियरला मिळणार काय होतं? पाण्याची पाळी त्याला नको होती. साल्दान्याशी त्याचं वैर नव्हतं. उलट पाणी समितीचा अध्यक्ष या नात्याने साल्दान्याच त्याचा सगळ्यात मोठा भाट.

"बाबांचं आणि इंजिनियरसाहेबांचं हल्ली काही बिनसलं होतं?"

"नाही हो. बाबा दर जेवणाला त्यांचं नाव काढायचे." एउलालिया विचारात पडली. "गुरुवारी माझ्या लग्नाचे बूट आणायला राजधानीला गेले आणि आले ते गप्प. बूटही विसरून आले. टाकीची भिंत पाझरतेय, एवढंच म्हणाले. त्यानंतर नाव नाही काढलं."

५

तोमासा साल्दान्यांच्या स्वयंपाकघरात तेराव्यांदा तेच भांडं घासत होती.

"काल दुपारी मालकांकडे कुणी आलं होतं?"

"मी होते तोवर कुणी नाही. मी चर्चला गेले ना. जाताना एक निरोप तेवढा पोचवला." मग अपराध्यासारखी म्हणाली, "निरोप मी थोडा बदलला, बाई. ते पाप आहे का?"

"काय बदललंत?"

"मालक म्हणाले, 'तोमासा, जा आणि त्या सेन्योर लिसार्रागाला सांग, संध्याकाळी मला भेटून जा.' मी म्हटलं, कोण सेन्योर लिसार्रागा? गावात दुसरा कुणी आलाय का? तर म्हणाले, 'तोच. टाकीवाला.' असं! 'सेन्योर'! रस्त्यावरच्या परक्याला म्हणावं तसं. मला मेलीला लाज वाटली. मी जाऊन सांगितलं, 'इंजिनियरसाहेब, मालकांनी नमस्कार सांगून बोलावलंय.' असं चारचौघांसारखं नको का बोलायला?"

"आणि ते काय म्हणाले?"

"येतो म्हणाले. खूश दिसले."

ओतिलियाने तिथूनच नगरपालिकेचा फोन गाठला. राजधानीतल्या तंत्रसंस्थेचं नाव लिसार्रागाने स्वतःच गावाला सांगितलेलं होतं, अनेकदा, न विचारता. तिथल्या कारकुनाने आठवणीनेच सांगितलं, "या आठवड्यात हेच विचारायला येणाऱ्या तुम्ही दुसऱ्या. एक म्हातारे गृहस्थ आले होते, हॅट हातात धरून. त्यांनाही तेच सांगितलं. या नावाचा कुणी आमच्याकडून पदवीधर झालेला नाही."

तिने फोन ठेवला. आता खोटी साक्ष होती, तिचं कारणही होतं. पण 'हे सगळं तुमचे तर्क, वकीलबाई' असं म्हणून तो हसला असता, तर हसण्याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. आणि उद्या रविवार. त्यानंतर सोमवार.

६

रविवारी प्रार्थनेनंतर जबाब घ्यायचा ठरला. साक्षीदार म्हणून पाद्रीबाबा आणि नगराध्यक्ष भिंतीला टेकून उभे होते. टाइपरायटरवर नाबोर, दोन बोटांनी. एउलालिया कोपऱ्यात. लिसार्रागा हातांच्या खुर्चीत.

"लिहा, कोमान्दान्ते," ओतिलिया म्हणाली. "साक्षीदार शपथेवर सांगतो की. नाव: इंजिनियर रोहेलिओ लिसार्रागा."

टाइपरायटर खडखडू लागला.

"पदवीचा परवाना क्रमांक?"

"कशाला तो?" लिसार्रागा हसला. "मला इथे कोण ओळखत नाही?"

"मीही तेच म्हणते. पण खुनाचा खटला आहे. जिल्ह्याचा न्यायाधीश प्रत्येक पदवी तपासून घेतो. शपथेवर खोटी पदवी सांगितली की वेगळा गुन्हा, एवढीच अट. क्रमांक?"

"घरी आहे. पाठवून देतो."

"मग थांबू. कोमान्दान्ते घेऊन येतील, सायकल आहेच. किंवा पदवी वगळू. तुम्ही म्हणाल तसं."

लिसार्रागाने नगराध्यक्षांकडे पाहिलं, पाद्रीबाबांकडे पाहिलं. या गावात लॉटरीच्या तिकिटावरही त्याने 'इंजिनियर' लिहून सही केली होती. त्याचे बूट, ओतिलियाने पाहिलं, आता जमिनीवर स्थिर नव्हते.

"वगळा," तो अखेर म्हणाला. "साधं लिहा. सेन्योर लिसार्रागा."

टाइपरायटर थांबला. नाबोरची दोन्ही बोटं हवेत राहिली. नगराध्यक्षांनी टेकलेली पाठ सरळ केली.

"शुक्रवारी साल्दान्यांनीही तुम्हाला हेच म्हटलं ना?" ओतिलियाचा आवाज चढला नाही. "निरोपात 'सेन्योर' होतं. तोमासाने भिडेपोटी ते बदललं, म्हणून तुम्ही खुशीत गेलात. मग ते तुम्हाला कुठे कळलं? दारात?"

"मी त्या घरात ईस्टरपासून..."

"तुम्ही गल्लीत उभे राहून दोन कोंपाद्रेंना एकमेकांना 'तू' म्हणताना ऐकलंत. पाद्रीबाबा, या गावात असं कधी झालंय?"

"माझ्या इतक्या वर्षांत नाही," पाद्रीबाबा म्हणाले. "मी त्यांचं कबुलीजबाबातलं बोलणंही ऐकतो."

"तुम्ही राजधानीतले दोन मित्र भांडायला लावलेत. मीही राजधानीचीच. मला खरं वाटलं. यांना कुणाला वाटलं नसतं."

लिसार्रागाने उठायचा प्रयत्न केला नाही. उलट खुर्चीच्या दोन्ही हातांवर त्याची पकड घट्ट झाली.

"मी कधी कुणाला सांगितलं नाही मी इंजिनियर आहे म्हणून," तो म्हणाला. "मुकादम होतो मी. पहिल्या दिवशी डोक्यावर हेल्मेट घालून आलो, आणि तुम्ही, नगराध्यक्ष, तुम्हीच म्हणालात, 'बसा, इंजिनियरसाहेब.' आणि खुर्ची पुढे केलीत. मी बसलो. एवढंच केलं मी. बसलो."

"संस्थेचं नाव तरी तुम्हीच सांगितलंत."

"लोक विचारायला लागले ना, कुठे शिकलात म्हणून! काय सांगू?" त्याने तोंड पुसलं. "त्याने मला अंगणात उभं ठेवलं. पाणी विचारलं नाही. प्रत्येक वाक्यात सेन्योर, सेन्योर, सेन्योर. म्हणाला, टाकी फुटेल, रविवारी प्रार्थनेनंतर पायरीवर उभा राहून सगळ्यांना सांगतो. मी म्हटलं, गव्हर्नर येऊन जाऊ द्या, मग मी आपणहून गाव सोडतो. हात जोडले. तो म्हणाला, 'सेन्योर, दार तिकडे आहे.' मी त्याला फक्त धरलं. म्हटलं, एकदा नीट नावाने हाक मार, शेवटची. एकदा! तर..."

"तर?"

"हसला."

कोपऱ्यातून एउलालिया पुढे आली, त्याच्यासमोर उभी राहिली. थप्पड मारील असं नाबोरला वाटलं.

"मी त्यांची लेक," ती म्हणाली. "ते चिडले की हसायचे. घाबरले तरी हसायचे. तुम्ही एवढे त्यांच्या पंगतीला बसलात, एवढंही कळलं नाही तुम्हाला?"

७

टाकीतलं पाणी त्याच आठवड्यात सोडून दिलं. गव्हर्नर आले नाहीत. सान्ता एदुविहेसची बायकामाणसं पुन्हा ओढ्यावर जाऊ लागली आणि नगराध्यक्ष पुढची निवडणूक हरले. लग्न वर्षभर पुढे गेलं. चोनने त्या वर्षी पाण्याची आपली पाळी घेतली, आणि साल्दान्यांच्या बागेचीही राखली. चर्चमध्ये त्याने एउलालियाला एका बाजूने हात दिला. दुसरी बाजू तिने कुणालाच दिली नाही, मामाने मागितली तरी. दोघांच्या जागेत एकच माणूस चालत असल्याने चाल जरा कलती दिसत होती.

ओतिलिया कामानिमित्त जिल्ह्याच्या तुरुंगात गेली, ती त्यानंतर. वाटेत पंपाची खोली लागली. एक माणूस बाह्या सारून पंप उघडून बसला होता, सभोवती पाच-सहा कैदी, आणि एक शिपाई त्याला पाना पुढे करत होता.

"दमानं घ्या, इंजिनियरसाहेब," शिपाई म्हणाला. "आधी कॉफी प्या."

लिसार्रागाने मान वर केली, ओतिलियाला पाहिलं आणि ओळख दाखवून किंचित मान लववली. कैद्यांपैकी एकाने उलटी बादली पुसून त्याला बसायला पुढे सरकवली. तो बसला.

परतीच्या बसमध्ये ओतिलियाने हिशेब पुन्हा जुळवून पाहिला. ज्या बिरुदासाठी त्याने खून केला ते त्याच्यापाशीच राहिलं होतं, एक अक्षर कमी न होता. ते द्यायला कुणाला काही पडलं नव्हतं, ना नगराध्यक्षांना, ना तोमासाला, ना त्या सकाळी सवयीने 'बसा' म्हणणाऱ्या तिला स्वतःला. सगळी किंमत एकट्या एपिफानिओ साल्दान्याने भरली होती, कारण सगळ्या गावात ते परत मागणारा तो एकटाच निघाला.